रक्तपरीक्षा आणि हृदयरोग : खूण कोणती, कारण कोणते?

एकेकाळी रक्ताची तपासणी ही शहरातील मोठ्या रुग्णालयांपुरती मर्यादित असलेली गोष्ट होती. आज तालुक्याच्या बाजारपेठेतही प्रयोगशाळा आढळते आणि ग्रामीण आरोग्य केंद्रात घेतलेला रक्ताचा नमुना तपासणीसाठी पुढे पाठविता येतो. परिणामी कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड, सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन यांसारखी नावे आणि त्यांपुढील आकडे छापलेला कागद घरोघरी पोहोचला आहे. त्या कागदावर एखादा आकडा ठळक अक्षरांत दिसला की घरातील माणसे धास्तावतात. सर्व आकडे मर्यादेत आढळले की निश्चिंत होतात. ही धास्ती आणि ही निश्चिंती, दोन्ही कित्येकदा अनाठायी असतात. यास्तव हे आकडे कोठून आले आणि त्यांतून नेमके काय सिद्ध होते, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

शरीरातील एखाद्या रोगाची चाहूल देणारा आणि प्रयोगशाळेत मोजता येण्याजोगा जो पदार्थ, त्यास जैवनिदर्शक किंवा बायोमार्कर असे म्हणतात. भारतीय न्यायदर्शनात अनुमानाचे जे उदाहरण शतकानुशतके दिले जाते, ते येथे लागू पडते. डोंगरावर धूर दिसला की तेथे अग्नी आहे, असे अनुमान निघते. धूर ही अग्नीची खूण होय. परंतु धूर पांगविल्याने अग्नी विझत नाही. सरपण बाजूला ओढले तर मात्र तो मंदावतो. रक्तातील निदर्शकांपैकी काही धुरासारखे केवळ खूण असतात, तर काही सरपणासारखे रोगाचे प्रत्यक्ष कारण असतात. तपासणीच्या कागदावर मात्र दोन्ही एकाच रांगेत, सारख्याच अक्षरांत छापलेले असतात. त्यांतील भेद ओळखण्यासाठी संशोधकांना शंभराहून अधिक वर्षे खर्ची घालावी लागली.

मेदाचा माग

हृदयाकडून शरीराच्या सर्व भागांकडे रक्त वाहून नेणाऱ्या नलिकांना रोहिण्या म्हणतात. वाढत्या वयाबरोबर त्यांच्या भिंतीत मेदाचे थर साचतात, मार्ग अरुंद होतो, आणि एखादा थर फुटून त्यावर रक्ताची गुठळी धरली म्हणजे त्यापुढील भागाचा रक्तपुरवठा खंडित होतो. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या रोहिणीत असे घडले की हृदयविकाराचा झटका येतो.

या थरांत कोलेस्टेरॉल असते, ही गोष्ट पूर्वीच माहीत होती. रशियातील निकोलाय अनिच्कोव्ह यांनी १९१३ साली सूर्यफुलाच्या तेलात विरघळविलेले कोलेस्टेरॉल सशांना खाऊ घातले, तेव्हा त्यांच्या रोहिण्यांत माणसातील थरांसारखेच थर उत्पन्न झाले. तथापि ससा हा शाकाहारी प्राणी. त्याच्यावरील प्रयोग माणसाला कितपत लागू पडतो, हा प्रश्न अनेक वर्षे अनुत्तरित राहिला.

पुढचे महत्त्वाचे पाऊल १९५० च्या सुमारास अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठात पडले. मेद पाण्यात विरघळत नाही. म्हणून रक्तातून जाताना तो प्रथिनाच्या वेष्टनात बांधलेल्या सूक्ष्म कणांच्या रूपाने प्रवास करतो. जॉन गॉफमन यांनी रक्तद्रव अतिशय वेगाने फिरणाऱ्या यंत्रात घालून हे कण त्यांच्या घनतेप्रमाणे वेगळे केले. दही घुसळले असता लोणी वर येते, त्याच धर्तीवर हलके कण वर आणि जड कण खाली जातात. कमी घनतेच्या कणांतील कोलेस्टेरॉल म्हणजे एलडीएल आणि अधिक घनतेच्या कणांतील कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल. आजच्या तपासणीच्या कागदावरील ही दोन नावे या विभागणीतून आलेली आहेत. असे यंत्र प्रत्येक प्रयोगशाळेत ठेवणे शक्य नव्हते. १९७२ साली फ्रिडेवाल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सोपे सूत्र मांडले : एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा केला असता एलडीएलचा अंदाज मिळतो. आजही अनेक प्रयोगशाळांत हा आकडा अशा वजाबाकीने काढला जातो. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असल्यास मात्र हे सूत्र भरवशाचे राहत नाही.

याच सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रेमिंगहॅम या गावात निराळ्या पद्धतीने काम चालू होते. १९४८ साली तेथील ५,२०९ स्त्री-पुरुषांची नोंद करून दर दोन वर्षांनी त्यांची तपासणी करण्यास प्रारंभ झाला. कोणास पुढे हृदयरोग झाला आणि त्याच्या कित्येक वर्षे आधी त्याचे आकडे काय होते, हे त्यामुळे ताडून पाहता आले. ज्यांचे कोलेस्टेरॉल व रक्तदाब अधिक, त्यांना हृदयरोगही अधिक, असा संबंध त्यातून स्पष्ट झाला. रोगाचा धोका वाढविणारे घटक ही कल्पना १९६१ साली या अभ्यासातूनच रूढ झाली.

कारणाची सिद्धता

दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही. एलडीएल हे कारणच आहे हे सिद्ध होण्यास आणखी तीन प्रकारचा पुरावा लागला.

पहिला पुरावा एका आनुवंशिक रोगाचा. काही कुटुंबांत जन्मापासूनच एलडीएल फार वाढलेले असते. आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष जनुक आलेल्या मुलांना बालपणी किंवा तरुणपणीच हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. अमेरिकेतील डॅलस येथे मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी १९७० नंतरच्या दशकात दाखवून दिले की, रक्तातील एलडीएलचे कण पकडून आत घेणारे ग्राहक पेशींच्या पृष्ठभागावर असतात. या मुलांच्या पेशींत ते नसतात किंवा निकामी असतात. या शोधासाठी दोघांना १९८५ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले.

दुसरा पुरावा औषधाचा. जपानमधील अकिरा एंडो यांनी हजारो बुरशी तपासल्या आणि तांदळावर वाढलेल्या एका बुरशीतून कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखणारा पदार्थ मिळविला. त्याची माहिती १९७६ साली प्रसिद्ध झाली. स्टॅटिन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या औषधांचा उगम तेथे आहे. १९९४ साली स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृदयरुग्णांवरील चाचणीचा निष्कर्ष जाहीर झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे रुग्णांचे दोन गट पाडून एकास स्टॅटिन व दुसऱ्यास औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली होती. सुमारे साडेपाच वर्षांत औषध घेणाऱ्या गटातील मृत्यूंचे प्रमाण ३० टक्क्यांनी कमी राहिले.

तिसरा पुरावा निसर्गाने स्वतः केलेल्या प्रयोगाचा. पीसीएसके-९ नावाच्या जनुकातील एका बदलामुळे काही माणसांचे एलडीएल जन्मभर कमी राहते. कोणाच्या वाट्यास कोणते जनुक यावे हे गर्भधारणेच्या वेळीच ठरते. त्याचा आहाराशी वा व्यवसायाशी संबंध नसतो. म्हणून अशा माणसांची इतरांशी तुलना ही जणू निसर्गाने टाकलेल्या चिठ्ठ्यांची तुलना होय. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांमध्ये असा बदल असलेल्या व्यक्तींचे एलडीएल २८ टक्क्यांनी कमी आणि हृदयरोगाचे प्रमाण ८८ टक्क्यांनी कमी असल्याचे २००६ साली दिसून आले. एलडीएल किती उतरले यापेक्षाही ते किती वर्षे कमी राहिले याला महत्त्व आहे, हा यातील मोठा बोध.

चांगल्या आकड्याचा चकवा

एचडीएलची कथा याच्या अगदी उलट आहे. ज्यांचे एचडीएल अधिक त्यांना हृदयरोग कमी, असे अनेक अभ्यासांत आढळल्यामुळे त्यास चांगले कोलेस्टेरॉल हे नाव मिळाले. मग औषधाने एचडीएल वाढवावे, हा विचार ओघानेच आला. टॉरसेट्रॅपिब नावाचे औषध १५,०६७ व्यक्तींच्या चाचणीत वापरण्यात आले. त्यामुळे एचडीएल ७२ टक्क्यांनी वाढले, एलडीएल २५ टक्क्यांनी उतरले. कागदावरील आकडे सर्वांगी सुधारले. परंतु औषध घेणाऱ्या गटात ९३ आणि दुसऱ्या गटात ५९ मृत्यू झाले. डिसेंबर २००६ मध्ये चाचणी थांबविण्यात आली. या औषधामुळे रक्तदाब वाढत होता हे त्याचे एक कारण सांगितले जाते. परंतु एचडीएल वाढविणाऱ्या इतर औषधांनीही अपेक्षित लाभ दिला नाही. यावरून एचडीएल हे शरीराच्या बऱ्यावाईट स्थितीची खूण आहे, तो आकडा औषधाने वर ढकलून हृदय वाचत नाही, असा निष्कर्ष काढण्यात आला.

होमोसिस्टीन या पदार्थाबाबतही असेच घडले. त्याचे प्रमाण अधिक असलेल्यांत हृदयरोग अधिक आढळतो. फॉलिक आम्ल व ब गटातील जीवनसत्त्वे दिल्यास ते उतरते. २००६ साली ५,५२२ रुग्णांवरील चाचणीत ते उतरलेही. परंतु हृदयविकाराचे झटके व त्यांमुळे होणारे मृत्यू यांत लक्षणीय घट झाली नाही. भारतात शाकाहारी व्यक्तींमध्ये ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावामुळे होमोसिस्टीन वाढलेले आढळते. तो अभाव रक्तक्षय व मज्जातंतूंच्या विकारांसाठी दूर केलाच पाहिजे. मात्र त्या गोळीने हृदय सुरक्षित झाले असे मानणे चुकीचे ठरेल.

प्रतिकारशक्तीची बाजू

रोहिणीतील थर म्हणजे नळात साचलेला गाळ, ही समजूत फार काळ प्रचलित होती. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे चित्र निराळे आहे. एलडीएलचे कण रोहिणीच्या अस्तराखाली अडकतात आणि त्यांच्यात रासायनिक बदल होतो. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी त्यांना परके समजून तेथे धावून येतात, मेद गिळून फुगतात आणि तेथेच मरून पडतात. जखम चिघळावी तसा तेथे दीर्घकाळ दाह चालू राहतो. अशा प्रकारे मेद आणि रोगप्रतिकारक यंत्रणा यांच्या संयोगातून हा रोग घडतो.

याचा एक ठळक दाखला ल्युपस या रोगातून मिळतो. या रोगात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटते. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, ३५ ते ४४ वर्षे वयाच्या ल्युपसग्रस्त स्त्रियांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण फ्रेमिंगहॅममधील समवयस्क स्त्रियांच्या पन्नासपटीहून अधिक आढळले. प्रतिकारशक्तीच्या बिघाडामुळे होणाऱ्या संधिवातातही हृदयरोगाचा धोका वाढतो. अशा रुग्णांवर उपचार करताना केवळ सांध्यांकडे लक्ष न देता रक्तदाब व मेद यांकडेही पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

दाहाचा सर्वांत परिचित निदर्शक म्हणजे सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट व फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात तो आढळला. संसर्ग होताच यकृत हे प्रथिन तयार करू लागते आणि काही तासांत त्याचे प्रमाण कित्येक पटींनी वाढते. निरोगी दिसणाऱ्या माणसांतही त्याचे अल्पसे आधिक्य असते, आणि असे आधिक्य असलेल्या पुरुषांना पुढे झटका येण्याची शक्यता इतरांच्या जवळजवळ तिप्पट असते, असे १९९७ साली अमेरिकेतील डॉक्टरांच्या एका मोठ्या गटाच्या अभ्यासातून दिसून आले.

मग हे प्रथिन कारण की खूण? पुन्हा जनुकांची साक्ष काढण्यात आली. जन्मतः ज्यांचे सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन अधिक असते, त्यांना त्यामुळे हृदयरोग अधिक होतो असे आढळले नाही. म्हणजे हे प्रथिन धूर ठरले. परंतु धुराखाली अग्नी होताच. दाहाची साखळी उगमाजवळ तोडणारे कॅनाकिनुमॅब हे औषध झटका येऊन गेलेल्या १०,०६१ रुग्णांच्या चाचणीत वापरण्यात आले. २०१७ साली निष्कर्ष जाहीर झाला. एलडीएलमध्ये काहीही घट न होता १५० मिलिग्रॅम मात्रा घेणाऱ्या गटात हृदयविकाराचे व पक्षाघाताचे प्रसंग १५ टक्क्यांनी कमी झाले. दाह हाही रोगाचा भागीदार आहे, हे त्यामुळे प्रथमच माणसांत सिद्ध झाले. तथापि प्रतिकारशक्ती दबल्यामुळे या औषधाने प्राणघातक संसर्गांचे प्रमाण वाढले. अग्नी शमविताना घराचे छप्परच उतरवावे, तसा हा प्रकार होता.

त्यानंतर लक्ष गेले ते कोल्चिसिन या जुन्या व स्वस्त औषधाकडे. महाराष्ट्राच्या जंगलांत फुलणाऱ्या कळलावीच्या कंदात व बियांत हेच द्रव्य असते. २०१९ साली ४,७४५ रुग्णांच्या चाचणीत अल्प मात्रेतील कोल्चिसिनने हृदयविकाराचे पुढील प्रसंग २३ टक्क्यांनी घटविले. २०२४ साली जाहीर झालेल्या त्याहून मोठ्या चाचणीत मात्र लाभ दिसला नाही. ते कोणाला द्यावे हा निर्णय तज्ज्ञांनी घ्यावयाचा आहे. कळलावी ही अत्यंत विषारी वनस्पती असून तिचा कंद घरगुती उपचार म्हणून खाणे प्राणावर बेतू शकते, ही गोष्ट ग्रामीण भागात आवर्जून सांगितली पाहिजे.

झटक्याच्या वेळचा निदर्शक

वर वर्णिलेले निदर्शक पुढील धोक्याविषयी सांगतात. ट्रोपोनिन हे प्रथिन मात्र झटका आल्यानंतरची खूण आहे. ते हृदयाच्या स्नायूत असते. स्नायू मरू लागला की रक्तात उतरते. त्याच्या परीक्षेच्या पद्धती १९८० नंतरच्या दशकात विकसित झाल्या आणि २००० साली झटक्याच्या व्याख्येतच ट्रोपोनिनला मध्यवर्ती स्थान मिळाले.

येथे एक धोका लक्षात ठेवावयास हवा. ट्रोपोनिन रक्तात दिसू लागण्यास काही तास लागतात. छातीत दुखू लागल्यावर लगेच केलेली परीक्षा निर्दोष आली, म्हणून रुग्णास घरी नेणे घातक ठरू शकते. छातीत दाब किंवा कळ, डाव्या हातात वा जबड्यात वेदना, दरदरून घाम अशी लक्षणे दिसताच प्रथम ईसीजी काढला पाहिजे. रक्ताचा निकाल येईपर्यंत थांबू नये. आवश्यकता वाटल्यास काही तासांच्या अंतराने ट्रोपोनिन पुन्हा तपासतात आणि त्यात होणारी वाढ पाहतात.

भारतीयांपुढील प्रश्न

२००४ साली प्रसिद्ध झालेल्या ५२ देशांच्या इंटरहार्ट अभ्यासात असे आढळले की, तंबाखू, मेदातील असमतोल, रक्तदाब, मधुमेह, पोटाची स्थूलता यांसह नऊ घटकांतून झटक्यांच्या धोक्याचा सुमारे ९० टक्के भाग स्पष्ट होतो. त्याच अभ्यासाचा दक्षिण आशियाविषयीचा भाग २००७ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या झटक्याचे सरासरी वय इतर देशांत सुमारे ५९ वर्षे, तर दक्षिण आशियात ५३ वर्षे असल्याचे त्यात दिसून आले. सहा वर्षांचे हे अंतर म्हणजे कुटुंबातील कर्ता माणूस मुलांचे शिक्षण वा विवाह पूर्ण होण्याआधीच कोसळणे होय.

याची मुळे कोठे आहेत? पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा व बालकांचा अभ्यास १९९३ साली हाती घेतला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलोग्रॅम, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे ३.५ किलोग्रॅम होते. गावातील बालके सर्वच मापांनी लहान होती; पण त्यांच्या पाठीवरील त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. अंगाने कृश, तरीही चरबीने संपन्न अशी ही भारतीय ठेवण होय. त्यामुळे दिसायला सडपातळ माणूस निर्धोक असतोच असे नाही.

दुसरा घटक लायपोप्रोटीन-ए हा होय. नॉर्वेचे कोरे बर्ग यांनी १९६३ साली तो शोधून काढला. एलडीएलसारख्याच कणाला जोडलेल्या एका जादा प्रथिनामुळे तो ओळखला जातो. त्याचे प्रमाण बहुतांशी जनुकांनी ठरते, आयुष्यभर फारसे बदलत नाही आणि दक्षिण आशियाई लोकांत ते तुलनेने अधिक आढळते. त्यामुळे त्याची तपासणी आयुष्यात एकदा करणे पुरेसे असते. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत ती शिफारस आहे. सर्वसाधारण व्यक्तीचे एलडीएल १०० च्या खाली आणि झटका येऊन गेलेल्या व्यक्तीचे ५५ च्या खाली असावे, असेही त्यांत नमूद आहे. म्हणजेच एकच आकडा एकास योग्य व दुसऱ्यास अयोग्य ठरतो. छापील मर्यादेकडे पाहून स्वतःच निर्णय घेणे का चुकीचे आहे, ते यावरून ध्यानी येईल.

गावाने काय करावे?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या १,१३,०४३ व्यक्तींच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांत ३५.५ टक्के प्रौढांत उच्च रक्तदाब आणि ११.४ टक्क्यांत मधुमेह आढळला. हे दोन्ही धोके मोजण्यास महागड्या परीक्षांची गरज नाही. असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली ३० वर्षे व त्यावरील व्यक्तींची रक्तदाब व मधुमेह यांसाठी तपासणी केली जाते आणि आशा कार्यकर्ती घरोघरी जाऊन त्यासाठी माहिती भरून घेतात. ग्रामसभेत या तपासणीची तारीख जाहीर करणे, शेतीकामांच्या दिवसांत ती सकाळी लवकर ठेवणे, आणि पुरुष मंडळीही तिला हजर राहतील असे पाहणे, एवढे पंचायत सदस्यांना सहज करता येईल.

मेदाची साधी तपासणी वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने प्रौढ वयात करून घ्यावी. ज्या कुटुंबात वडिलांना वा भावाला ५५ वर्षांच्या आत, किंवा आईला वा बहिणीला ६५ वर्षांच्या आत झटका आला असेल, तेथील तरुणांनी ती विशेष लवकर करावी. लायपोप्रोटीन-ए ची परीक्षाही त्यांच्याच बाबतीत अधिक उपयोगाची ठरते. याउलट सर्दीतापाच्या दिवसांत केलेली सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीनची परीक्षा हृदयाविषयी काहीच सांगत नाही. डझनावारी आकड्यांच्या जाहिरातबाज तपासण्यांवर पैसे खर्च करणे आणि त्याच वेळी तंबाखूची पुडी खिशात ठेवणे, यात विसंगती आहे. तंबाखूचा धोका कोणत्याही कागदावर छापला जात नाही. तो मोजण्यासाठी रक्त काढावे लागत नाही, आणि तो दूर करण्यास औषधही विकत घ्यावे लागत नाही. शिक्षकांनी वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना हा विषय समजावून दिल्यास तो त्यांच्या घरापर्यंत जाईल.

तपासणी हे काम एका दिवसाचे, उपचार हे काम वर्षानुवर्षांचे. रक्तदाबाची वा कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली, आकडा उतरला, आणि आता बरे वाटते म्हणून गोळी बंद केली, असे गावोगावी घडते. एलडीएल कमी राहिले तरच लाभ होतो आणि तो लाभ वर्षांगणिक वाढत जातो, हा प्रयोगशाळेने दिलेला धडा येथे उपयोगी पडतो. म्हणून तपासणीचे शिबिर संपल्यावर, ज्यांना औषध सुरू झाले त्यांची नोंद ठेवून ते नियमित मिळते की नाही आणि घेतले जाते की नाही, याची विचारपूस सहा महिन्यांनी पुन्हा करणे, हे शिबिर भरविण्याइतकेच महत्त्वाचे काम आहे.